नऊ नंबरचा माणूस

सहाशे कोटी रुपये कुणावर खर्च करावेत, यावर माझ्या दुकानात जेवढं रक्त आटलं तेवढं तालुक्यातल्या कुठल्याही कामावर आटलेलं मी पाहिलेलं नाही. २०२५ चा जुलै होता. पालखी माळशिरस सोडून पुढं गेलेली, पेरण्यांची गडबड, युरियाच्या गाडीची वाट बघत बसलेली माणसं, आणि काउंटरसमोरच्या बाकड्यावर एकच विषय: आर्सेनलनं स्ट्रायकर घ्यावा का, आणि घेतला तर कोणता. आर्सेनल हे लंडनमधलं फुटबॉलचं दुकान. माळशिरसच्या कुणाचाही त्यात एक रुपयाचा शेअर नाही. तरी माझा पुतण्या असा तावातावानं बोलत होता की पैसे त्याच्याच सातबाऱ्यावर कर्ज काढून जायचेत, असं नवख्याला वाटावं.

व्हिक्टर ग्योकेरेस असं त्या स्वीडनच्या गड्याचं नाव. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबकडून एका हंगामात लीगमध्येच ३९ गोल मारलेले. किंमत साडेपाच कोटी पौंडांच्या आसपास, वरची बक्षिसी वेगळी. काउंटरवरच्या कॅल्क्युलेटरवर मीच तो गुणाकार केला आणि आकडा पाहून कॅल्क्युलेटर उलटा ठेवला. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले आमचे आण्णा रोज पेपर वाचायला येतात. ते त्याला शेवटपर्यंत गोकर्णच म्हणत राहिले. "गोकर्ण आला का रे?" असं ते सकाळी विचारत, आणि पुतण्या गंभीरपणे सांगायचा, "नाही आण्णा, बोलणी अडलीत."

शेजारचा सलूनवाला मँचेस्टर युनायटेडचा. त्याचं कारण मला फार आवडतं. तो शिकाऊ होता तेव्हा डेव्हिड बेकहॅमचा मधोमध तुरा ठेवलेला फोटो घेऊन पोरं यायची, "असं काप" म्हणायची. कापून कापून त्याला त्या डोक्याखालचा माणूस आवडायला लागला, मग त्याची टीम. तिसरा पतसंस्थेत क्लार्क आहे, तो चेल्सीवाला. चौथा कधी इकडं, कधी तिकडं. हे चौघं आणि मधे मी, ज्यानं आयुष्यात खो-खोशिवाय काही खेळलेलं नाही. फुटबॉल मी बघायला शिकलो तो कोल्हापुरात, कॉलेजला असताना. त्याबद्दल पुढं सांगतो.

वाद आर्सेनलचा आहे म्हणून थोडा इतिहास सांगावा लागेल. २००३-०४ मध्ये हा संघ अख्खी लीग न हरता जिंकला. त्या वर्षी तिएरी ऑन्रीनं लीगमध्ये ३० गोल मारले. त्यानंतर २०२५ पर्यंत लीग नाहीच. अलीकडं २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन वर्षं दुसरा नंबर. दुसऱ्या नंबराचं दुःख शेवटच्या नंबरापेक्षा वाईट असतं, कारण त्यात हिशेब करता येतो. हा बॉल आत गेला असता तर, ती मॅच बरोबरीत सुटली नसती तर. आणि हिशेबाला बसलं की बोट नेहमी पुढं उभ्या असलेल्या माणसाकडं जातं. मधल्या फळीतला एखादा चुकीचा पास देतो, कुणाच्या लक्षात राहत नाही. पुढच्यानं गोलसमोरून बॉल वर मारला की तो क्षण वीस वेळा हळू करून दाखवतात.

२०२५ च्या जानेवारीत आर्सेनलचा गॅब्रिएल जेझुस गुडघा मोडून घेऊन बसला. खेळाडू घ्यायचा बाजार उघडा होता, तरी क्लबनं कुणाला घेतलं नाही. फेब्रुवारीत काय हावर्ट्झची मांडी गेली. आता पुढं कोण? १५ फेब्रुवारीला लेस्टरशी मॅच होती, आपल्या संध्याकाळी सहाला, म्हणजे ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी. पुतण्यानं फोन तणनाशकाच्या खोक्याला टेकवून ठेवला होता. तासभर काही होईना. मग मैदानात मिकेल मेरिनो आला, जो मुळात मधल्या फळीचा गडी. त्याला पुढं उभा केला. त्यानं शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारले, एक डोक्यानं, एक पायानं. दुकानात एक शेतकरी करप्याला औषध घ्यायला आला होता. पुतण्यानं त्याला मिठी मारली. तो बिचारा म्हणाला, "काय, अनुदान आलं काय?"

मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. स्ट्रायकर नसलेला माणूस स्ट्रायकरचं काम करतोय. पण बाकड्यावर निकाल उलटा लागला. पुतण्या म्हणाला, "बघा काका, मिडफिल्डर उभा करायची वेळ आली. आता तर घ्यायलाच पाहिजे." म्हणजे हरलो तरी स्ट्रायकर पाहिजे आणि जिंकलो तरी स्ट्रायकर पाहिजे. या वादाला हरवता येत नाही, हे मला त्या संध्याकाळी कळलं.

माझ्या धंद्यात ही गोष्ट रोज घडते. ऊस पिवळा पडला की शेतकरी येतो आणि म्हणतो, "जालीम काहीतरी द्या." पाणी जास्त झालंय का, मुळी कुजलीय का, मागच्या वर्षी शेणखत टाकलं होतं का, हे विचारलं की त्याचा चेहरा पडतो. त्याला बाटली पाहिजे असते. बाटली हातात घेता येते, तिची किंमत ठरलेली असते, घरी जाऊन सांगता येतं की भारीतलं आणलंय. मुळीला काय झालंय ते घरी सांगता येत नाही. दुकानदार म्हणून मी बाटली देतो, कारण दुकान त्यावरच चालतं, आणि खोटं कशाला बोला, कधीकधी बाटलीनं ऊस हिरवाही होतो.

तर स्ट्रायकर ही गोष्ट नेमकी काय आहे? सलूनवाल्याची टीम बघा. २०२३ मध्ये युनायटेडनं अटालांटाकडून रासमुस होयलुंड आणला, वीस वर्षांचं पोर, सहा कोटी पौंडांच्या वर पैसे. लीगमधला पहिला गोल त्यानं मारला तो नाताळच्या दुसऱ्या दिवशी. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत तो दर शनिवारी-रविवारी सगळ्या जगासमोर गोल न मारण्याचं काम करत होता. सलूनमध्ये त्या दिवसांत त्याचं नाव घेतलं तर वस्तरा थांबायचा. पुढं २०२४-२५ मध्ये त्या संघानं लीगच्या ३८ सामन्यांत ४४ गोल केले आणि पंधरावा नंबर काढला, तेव्हा तर सलूनवाल्यानं टीव्हीच बदलून भजनाचं चॅनल लावलं होतं.

मला वाटतं आपण या माणसाकडं चुकीच्या बाजूनं बघतो. गोल मारणारा म्हणून बघतो. फुटबॉलमध्ये सरासरी दहा फटक्यांत एक आत जातो. नऊ वाया जातात. मागच्या फळीतला गडी बरेचसे बॉल अडवतो, गोलकीपर बहुतेक फटके पकडतो. पुढं उभा राहणाऱ्याचं काम असं की त्यात बहुतेक वेळा अपयशच यायचं, आणि तेही सगळ्यांच्या समोर, मैदानाच्या अशा टोकाला, जिथं मदतीला कुणी नाही. पाठीवर स्ट्रायकरचा नऊ नंबर घातलेला माणूस म्हणजे चुकायला नेमलेला माणूस. चुकूनही तो पुन्हा त्याच जागी जाऊन उभा राहिला पाहिजे. म्हणून "आम्हाला स्ट्रायकर पाहिजे" या वादाच्या पोटात दुसराच एक वाद असतो: कुणाच्या किती चुका आपण सोसणार?

चेल्सीवाल्या क्लार्कसाहेबांना विचारा. २०११ च्या जानेवारीत त्यांच्या क्लबनं पाच कोटी पौंड देऊन फर्नांडो टोरेस आणला. इंग्लंडमध्ये तोवर तेवढे पैसे कुणावर लागले नव्हते. आणि गडी गोल मारायचं विसरून गेला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलच्या शेवटाला वेस्ट हॅमविरुद्धच्या मॅचला धो धो पाऊस पडला होता. बॉल त्याच्या पायातून निसटला तो गोलसमोरच्या डबक्यात जाऊन थांबला. कोरड्या मैदानावर गेलाच असता. टोरेसनं वळून तो आत मारला. एवढ्या पैशांच्या माणसाचा पहिला गोल साचलेल्या पाण्यानं करून दिला. क्लार्कसाहेब हे सांगताना अजूनही हसत नाहीत. पण दुसऱ्या वर्षी त्याच टोरेसनं बार्सिलोनाच्या मैदानावर अर्ध्या मैदानातून एकटा पळत जाऊन चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलचा शेवटचा गोल मारला, ते मात्र ते उभं राहून सांगतात.

हे सोसणं कसं असतं ते मला पुतण्याच्या शेतात दिसलं. आमच्याकडं नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, विहिरी आहेत, पण शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बारा-एक वाजता उसाला पाणी धरायला जावं लागतं. चॅम्पियन्स लीगच्या मॅचही आपल्याकडं तेव्हाच असतात, आणि या योगायोगानं माळशिरस तालुक्यात युरोपच्या फुटबॉलचे जेवढे चाहते केले असतील तेवढे कुठल्या जाहिरातीनं केले नसतील. २०२५ च्या एप्रिलमध्ये आर्सेनलची रेआल माद्रिदशी मॅच होती, रात्री साडेबाराला. पुतण्या म्हणाला, "काका, चला." मी गेलो, झोप येत नव्हती म्हणून.

फोन स्टार्टरच्या पेटीला सुतळीनं बांधलेला. आम्ही दोघं बांधावर, पायात गमबूट, पुतण्याच्या हातात फावडं. पाणी सरीच्या शेवटाला पोचलं की पुढची सरी फोडायची, मागची बुजवायची. ते काम मॅचसाठी थांबत नाही. पहिल्या अर्ध्यात काही नाही. दुसऱ्या अर्ध्यात फ्री किक मिळाली, आणि तेवढ्यात तिकडं सरी फुटली. पुतण्या फावडं घेऊन अंधारात पळाला. डेक्लन राइसनं भिंतीच्या बाजूनं वळवून गोल मारला तो मी एकट्यानं पाहिला. ओरडलो. उसातून आवाज आला, "कुणी मारला?" थोड्या वेळानं पुन्हा फ्री किक, पुन्हा राइस, पुन्हा गोल, हा मात्र त्यानं चिखलाचे हात छातीशी धरून पाहिला. तिसरा मारला मेरिनोनं. माद्रिदला तीन-शून्य हरवलं, आणि अकरांत एकही खरा स्ट्रायकर नव्हता.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," तो सरी बुजवत म्हणाला, "सेमीफायनलला अडकणार बघा."

अडकलेच. पॅरिसच्या संघानं दोन्ही मॅचमध्ये हरवलं. आता गंमत अशी की हाच पॅरिसचा संघ, पीएसजी, आदल्या वर्षी किलियन एम्बाप्पेला गमावून बसला होता. जगातला सर्वांत भारी गोल मारणारा माणूस माद्रिदला निघून गेला, आणि त्याच्यामागं पॅरिसवाल्यांनी चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली, फायनलला इंटर मिलानला पाच-शून्य हाणून. पुढं कोण होतं? उस्मान डेम्बेले. तो विंगेवरचा गडी, गोल हुकवण्याबद्दल अनेक वर्षं टिंगल झालेला. त्यालाच मधे आणला आणि तिथं ठेवला. पुढं त्या वर्षीचा बॅलन डी'ओर, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीसही, त्यालाच मिळालं. पॅरिसचं हे उदाहरण मी जुलैतच बाकड्यावर मोठ्या उत्साहानं मांडलं. सलूनवाला म्हणाला, "त्यांच्याकडं तसा प्रशिक्षक आहे." क्लार्कसाहेब म्हणाले, "त्यांच्याकडं तसा पैसा आहे." आण्णा म्हणाले, "गोकर्ण आला का?"

आला. जुलैच्या शेवटी आला, आणि ऑन्रीचा चौदा नंबर घेतला. त्यानंतर वाद मिटला असं समजू नका, त्यानं नुसती कूस बदलली.

लंडन-पॅरिसचं हे सगळं आपल्याला फुकटात पडतं, म्हणून त्यात मजा आहे. पण कोल्हापुरात हा वाद फुकटचा नाही. तिथले क्लब म्हणजे पेठा. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, संध्यामठ. बऱ्याच नावांत तालीम हा शब्द आहे, कारण मुळात त्या तालमीच. लाल माती आत, फुटबॉल बाहेर. संघाचा खर्च वर्गणीतून, पेठेतल्या दुकानदारांकडून, हौशी पुढाऱ्यांकडून. मी शिकायला होतो तेव्हा खोलीवरचे दोघं मला शाहू स्टेडियमवर ओढत न्यायचे. हलगी, शिट्ट्या, भुईमुगाच्या शेंगा, आणि पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार. बाहेरचा खेळाडू म्हणजे त्या वेळी दुसऱ्या पेठेतला, आणि त्यावरूनही आठवडाभर बोलणं बंद व्हायचं.

एक मॅच डोळ्यांसमोर आहे. कोणत्या संघांची होती ते सांगत नाही, कारण कोल्हापुरात अजून ओळखीचे लोक आहेत. पेठेतलंच एक पोरगं, मिसरूड फुटलेलं, पुढं उभं होतं. गोलकीपर जमिनीवर पडलेला, जाळी मोकळी, बॉल त्याच्या डाव्या पायावर आला. त्यानं तो आडव्या खांबावरून थेट गॅलरीत पाठवला. क्षणभर सगळं स्टेडियम गप्प, मग एकदम गदारोळ. माझ्याशेजारी एक मंदिल बांधलेले आजोबा होते. ते इतरांसारखे शिव्या देत नव्हते. ते शांतपणे म्हणाले, "आपलं हाय म्हणून किती सोसायचं?" आणि शेंगांची पुडी माझ्यापुढं केली. पाच मिनिटांनी त्या पोराला बाहेर काढलं. तो बाहेर येताना खाली बघत होता, बुटाची लेस सुटलेली होती, आणि कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या क्लबांनी बाहेरचे खेळाडू आणायला सुरुवात केली, आफ्रिकेतल्या देशांतलेसुद्धा. उंच, दणकट, हेडिंग बघत राहावं असं. ते बहुतेक पुढं उभे राहतात. यावर पेठेत दोन तट आहेत आणि दोघांचं म्हणणं मला पटतं, ही माझी अडचण. एक तट म्हणतो, त्यांच्यामुळं मॅच बघायला गर्दी येते, आपली पोरं त्यांच्याशी धडक देऊन शिकतात, आणि शेवटी शेजारच्या पेठेनं आणला तर आपण हात बांधून बसायचं काय? दुसरा तट म्हणतो, मग आपल्या पोरानं उभं कुठं राहायचं? हंगाम काही महिन्यांचा. त्यातल्या मोठ्या मॅचला नऊ नंबर पाहुण्याला दिला तर घरचं पोर विंगेवर जाणार किंवा बाकावर.

आणि ते गेलंच. कोल्हापूरनं गेल्या काही वर्षांत देशाला चांगले खेळाडू दिले. अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून पुढच्या फळीत खेळला. निखिल कदम मोहन बागानपर्यंत पोचला. निखिल विंगेवरचा, अनिकेतही पुढं मोठ्या क्लबांकडून खेळताना बराचसा कडेनंच पळाला. यात त्यांचा दोष नाही, आणि फक्त कोल्हापूरचाही नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगचे पहिले अकरा हंगाम काढून बघा. सर्वांत जास्त गोल मारणाऱ्याचं बक्षीस प्रत्येक वेळी परदेशी माणसाला गेलंय. मालक पैसे घालतो, परदेशी खेळाडूंच्या जागा मोजक्या, मग त्या कुठं वापरायच्या? जिथं चूक परवडत नाही तिथं. म्हणजे सर्वांत पुढं.

त्याचं बिल भारताच्या संघाच्या नावावर फाटतं. सुनील छेत्री ६ जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध शेवटची मॅच खेळून भारताच्या संघातून निवृत्त झाला. ९४ आंतरराष्ट्रीय गोल. ती मॅचही शून्य-शून्य. त्या अख्ख्या वर्षात भारत एकही मॅच जिंकला नाही. शेवटी २०२५ च्या मार्चमध्ये प्रशिक्षक मानोलो मार्केझनं त्यालाच परत बोलावलं, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, कारण त्या हंगामात लीगमध्ये भारतीयांत सर्वांत जास्त गोल त्यानंच मारले होते. शिलाँगला मालदीवविरुद्ध तो उतरला आणि गोल मारला, पंचाण्णवावा. आम्ही दुकानात टाळ्या वाजवल्या. टाळ्या संपल्यावर मात्र मला कसंतरी झालं. दीडशे कोटींच्या देशाला निवृत्त झालेल्या माणसाला परत बोलवावं लागलं होतं. त्याच महिन्यात बांगलादेशाविरुद्ध पुन्हा शून्य-शून्य, आणि ऑक्टोबरमध्ये गोव्यात सिंगापूरकडून हरल्यावर आशिया कपचं दारही बंद झालं.

असं कायमच होतं असं नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच देशात चार-दोन हरवलं, त्यातले तीन गोल नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई खेळाडू. तो मुंबईतला, टाटांच्या संघातून खेळणारा. त्या स्पर्धेत भारत चौथा आला. आमच्या बाकड्यावर हे नाव कुणीच ऐकलेलं नव्हतं, आण्णांनीसुद्धा. ऑन्रीचे गोल तारखेवार पाठ असलेल्या पुतण्यानं ते फोनमध्ये शोधलं आणि बराच वेळ वाचत बसला.

मी त्याला म्हणालो, "आपल्याकडं चुका सोसायची एक जागा होती." आमच्याकडं चैत्रात जत्रांची कुस्तीची मैदानं भरतात. दुपारी सुरुवात होते ती रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी. पाच-सहा वर्षांची पोरं, लंगोट सुटत असलेली, एकमेकांना कवळा घालून माती खातात. जिंकलेल्याला रेवड्या, आणि कुणी हळवा पंच असला तर हरलेल्यालाही. तिथं कुणी ओरडत नाही. पोरगं चीत झालं तर सगळं मैदान हसतं, बाप त्याला खांद्यावर घेतो, आई दुरून बघते. संध्याकाळी मानाची शेवटची कुस्ती, त्यात हरियाणाचा नाहीतर पंजाबचा पैलवान, इनामाचे आकडे, भोंग्यावर नाव. जत्रा कमिटीच्या बैठकीत सगळा वाद त्या शेवटच्या कुस्तीवरच असतो: कुणाला आणायचं, किती द्यायचे, गेल्या वर्षी शेजारच्या गावानं कुणाला आणलं होतं. रेवड्यांच्या कुस्त्यांवर एक मिनिटही बोलणं होत नाही. त्या आपोआप होतात असं सगळे धरून चालतात.

अलीकडं त्या कमी व्हायला लागल्यात. वेळ पुरत नाही म्हणतात. मानाची कुस्ती लावायची तर उजेड असेपर्यंत सगळं आटपायला पाहिजे, मोबाइलवर थेट दाखवायचं असतं. यंदा आमच्या भागातल्या एका जत्रेत पोरांच्या कुस्त्या अर्ध्या तासात गुंडाळल्या. एक पोरगं लंगोट घालून, अंगाला तेल लावून तयार होतं, त्याचा नंबरच आला नाही.

हे सगळं मी पुतण्याला एका संध्याकाळी नीट बसवून सांगितलं. कोल्हापूर सांगितलं, छेत्री सांगितला, रेवड्या सांगितल्या. चुकायला मुभा मिळाल्याशिवाय नऊ नंबर तयार होत नाही, म्हणून आणण्यावर वाद घालण्यापेक्षा उभा करण्यावर घाला, असं सगळं. तोही ऐकत होता, मान हलवत होता. सलूनवाल्यानं हात थांबवून ऐकलं. आण्णांनी पेपर खाली ठेवला. माझं बोलणं संपल्यावर पुतण्या थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला,

"काका, तुमचं एकशे एक टक्के बरोबर आहे. पण शनिवारी मॅच आहे. शनिवारपर्यंत पोरगं घडतंय का?"